नावाच्या जागी टिंबं

माझ्या धाकट्या जावेचा मेसेज आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया राखत बसले होते आणि ती बरोबर माझ्या पायाखालच्या खोलीत होती. तिच्या पंख्याची घरघर मला वर ऐकू येत होती. मेसेज मला होता, पण तो मला आहे हे तिला माहीत नव्हतं.

"नमस्कार गच्चीवरच्या ताई," स्नेहलनं लिहिलं होतं. "आमच्याकडे शुक्रवारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे. मिस्टरांचं नाव संग्राम. चांदीचं ताट, सोन्याची वाटी वगैरे नको, ते ऐकून ऐकून कान किटलेत. आमच्या घरातला वाटेल असा उखाणा द्या. मागच्या वर्षी बागलकाकींच्या सुनेनं फार भाव खाल्ला होता."

मला इतकं हसू आलं की पदर तोंडात धरावा लागला. कठड्यावरून वाकून हाक मारली असती तरी उत्तर पोचलं असतं. पण मी लिहिलं, घरातला म्हणजे कसा, घरी कोण कोण असतं?

उत्तर आलं, "सासूबाई, मी आणि मोठ्या जाऊबाई. पण त्या हळदीकुंकवात नसतात."  मग आणखी एक ओळ आली. "त्यांना लागेल असं काही नको."

मी फोन उपडा ठेवला आणि उगाचच दोन कुरडया उलथून पाहिल्या. त्या कधीच वाळल्या होत्या.

आमचं घर विट्याचं. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम, आणि त्यापायी माणसं कुठं कुठं जाऊन राहिलेली. माझे सासरे आणि दीर संग्राम तमिळनाडूत दुकान चालवायचे. माझा नवराही तिथेच असायचा. लग्नानंतर तो मला तिकडं न्यायच्या बेतात होता, खोली बघून ठेवली होती, तेवढ्यात एका पहाटे त्याच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. घरात उरलो आम्ही तिघी बायका: मी, स्नेहल आणि आमच्या सासूबाई, ज्यांना आम्ही आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणतो.

या घरात माझा छळ झाला असं कुणी समजू नये. छळ झाला असता तर बरं झालं असतं, भांडून तरी निघता आलं असतं. आत्या मला ताटातलं काढून द्यायच्या. मला आवडतात म्हणून पेरू आणायच्या. फक्त मला कुठं जाऊ द्यायच्या नाहीत. बाजारात जाते म्हटलं की काय पायजे ते सांग, आणून देते. एकदा शाळेत शिकवायला जाऊ का विचारलं, तर त्यांनी हातातलं निवडणं थांबवलं आणि म्हणाल्या, "तू हाईस तंवर त्यो घरात हाय." त्यावर कुणी काय बोलणार? माहेरी वडील नव्हते. भाऊ येऊन भेटून गेला आणि जाताना आत्यांच्याच पाया पडून गेला.

'त्यो' म्हणजे माझा नवरा. बाराव्यानंतर घरात त्याचं नाव कुणी उच्चारलं नव्हतं. फोनवर मामा, म्हणजे माझे सासरे, बोलताना त्या नावाशी आले की खोकायचे. आणि तेव्हापासूनच आत्यांनी एक नवी सवय लावून घेतली. दिवसाढवळ्या घराच्या पुढच्या दाराला आतून कडी घालायच्या आणि दारासमोर चटई टाकून निवडत, टिपत बसायच्या. कुणी आलं तर कडी काढायची, आत घ्यायचं, परत घालायची.

त्याच्या बॅगेतून त्याचा फोन परत आला होता. काच तडकलेली. आत्यांनी तो हातात घेतला, पुसला आणि मला दिला. तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे, एवढंच म्हणाल्या. मी त्याचं काय करते हे कुणी कधी विचारलं नाही. पहिलं वर्ष मी नुसते त्याचे फोटो बघितले. मग उन्हाळा आला, वाळवणं निघाली. खाली घरात रेंज जेमतेमच यायची, गच्चीवर चांगली यायची. पाखरं आणि वानरं हाकलायला एक माणूस वर लागायचंच, आणि रिकामं माणूस घरात एकच होतं.

फेसबुकवर बायकांचा एक स्वयंपाकाचा ग्रुप होता. तिथं कुणा मुलीनं विचारलं होतं की रविवारी माझं लग्न आहे, नवरा वायरमन आहे, वायरमनवर उखाणा कुणाला येतो का? खाली बायकांनी तेच ते जुने उखाणे चिकटवले होते. मी कुरडयांवरची माशी वारत वारत लिहिलं:

खांबावर चढले की जीव माझा टांगणीला,
........रावांचं नाव घेते तुमच्या मागणीला.

संध्याकाळपर्यंत त्याला इतके बदाम पडले की मी जेवताना दोनदा मीठ घेतलं. मग हळूहळू माझं पेजच झालं. नाव दिलं, 'गच्चीवरचे उखाणे'. माझं नाव कुठं नव्हतं, फोटोच्या जागी कुरडयांचा फोटो होता. बायका नवऱ्याचं नाव, धंदा, खोड्या कळवायच्या आणि मी उखाणा करून द्यायची. टेम्पोवाल्याचा, बँकेतल्याचा, घोरणाऱ्याचा, सासूसमोर मांजर होणाऱ्याचा. उखाणा जगासमोर टाकताना नावाच्या जागी टिंबं ठेवायची, म्हणजे जिला हवा तिनं आपल्या नवऱ्याचं नाव घालावं.

पण करताना टिंबांवर करता येत नाही. नाव घातल्याशिवाय ओळ जिभेवर बसते की नाही कळत नाही. म्हणून मी प्रत्येक उखाणा आधी माझ्या नवऱ्याच्या, धैर्यशीलच्या नावानं करायची. धैर्यशीलराव वायरमन झाले, टेम्पोवाले झाले, बँकेत लागले, घोरले. ओळ बसली की नाव पुसायचं, टिंबं द्यायची आणि टाकायचा. नाव घ्यायची मुभा मला एवढीच होती, आणि ती मी भरपूर वापरली.

पुढं मी एक खेळ सुरू केला. पहिली ओळ मी द्यायची, दुसरी बायकांनी जोडायची. मी लिहिलं, 'कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, चौथी होता होता'. मला वाटलं दोघीचौघी काहीतरी लिहितील. तासाभरात ओळींचा ढीग पडला. जन्मात पोस्टकार्डही न लिहिलेल्या बायका लिहीत होत्या. लातूरच्या एका नर्सबाईंनी जोडलं, '........रावांनी डबा भरला, मी ड्युटीला जाता जाता'. बडोद्याची एक आजी नातवाकडून टाइप करून घ्यायची आणि स्वतःच्याच ओळीखाली 'छान' असंही टाइप करून घ्यायची. चंद्रपूरच्या एका शिक्षिकेनं एके दिवशी नवऱ्याचं नाव घालायच्या ऐवजी स्वतःचंच घालून हे टाकलं:

सायकल शिकले पडून, कार शिकले रडून,
सुलभाचं नाव घेते, सुलभाच्याच तोंडून.

त्यानंतर बांध फुटला. बायकांनी मैत्रिणीच्या नावानं, मेलेल्या आईच्या नावानं, एकीनं तर मोलकरणीच्या नावानं उखाणे केले. मी वाचत बसायची आणि ऊन पायावर आलेलं कळायचं नाही. कडी घातलेल्या घराच्या डोक्यावर मी इतक्या बायकांच्या घरात हिंडून येत होते.

त्यांच्यातच कोल्हापूरच्या माणिकताई होत्या. त्यांचा लग्नपत्रिकांचा छापखाना. रुखवतावरच्या पाट्या, पत्रिकेतल्या ओळी, हळदीच्या मंडपातले फलक, सगळं त्यांच्याकडं व्हायचं. त्यांनी मला विचारलं होतं, की ओळी लिहायला माझ्याकडं कामाला येशील का? छापखान्यावर खोली आहे, माझी आई एकटीच असते, तिच्या सोबतीनं राहा. मी कोण, कुठली, त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. अक्षय्य तृतीयेपर्यंत जागा धरून ठेवते म्हणाल्या, फोन नंबर मागितला तेवढा मी दिला.

मला जायचं होतं. हे स्पष्टच सांगते. मला इतकं जायचं होतं की रोज रात्री झोपताना मी त्या न बघितलेल्या खोलीत सामान लावायची. पण जायचं तर आत्यांना सांगायला हवं होतं, आणि सांगायचं काय? की तुमच्या लेकाच्या फोनवर मी त्याला वायरमन करते आणि लोकांना हसवते? आणि त्या परत 'तू हाईस तंवर' म्हणाल्या तर? मी रोज ठरवायची, खाली उतरायची आणि भाकरी थापायची.

शुक्रवार उजाडला. सकाळपासून घरात आंबेडाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची गडबड. चैत्रगौर पितळेच्या पाळण्यात बसवलेली. तिच्यापुढची आरास मीच केली, कलिंगडाचं कमळ मीच कापलं, फक्त बायका यायच्या आधी मी स्वयंपाकघरात जायचं होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागू नये एवढी मी शहाणी झाले होते.

दुपारी पापड उलटायला वर गेले तेव्हा आठवलं, की स्नेहलचा उखाणा राहिलाय. घरातलाच हवा होता, तर घरातलं समोरच होतं. ओळ आपोआप आली. नेहमीप्रमाणे धैर्यशीलचं नाव घालून पाहिलं. त्याच्या नावानं शेवट वेगळा झाला, तो काही हळदीकुंकवाला शोभणारा नव्हता. स्नेहलसाठी 'आता आग्रह सोडा' असा करायचा असं मनात ठरवलंही. तेवढ्यात खालून आत्यांची हाक आली.

"वृषाली, ये गं खाली. पन्ह्याचा गर काढायचा ऱ्हायलाय."

आले आले म्हणत मी बोटानं पाठवायचं बटण दाबलं, फोन पापडाच्या डब्यात ठेवला आणि जिना उतरले. गर काढताना माझ्या मनात उखाण्याचा विचारही आला नाही.

बायका जमल्या. बाहेरच्या सोप्यात चाळीसएक तरी असतील. मधल्या दाराला पडदा होता आणि पडद्याच्या अलीकडं मी पेल्यांत पन्हं ओतत होते. स्नेहल तबक घेऊन आत यायची, भरून बाहेर न्यायची. गजरा माळलेली, हिरवी पैठणी, फार गोड दिसत होती. मला म्हणाली, ताई, आज बघा, बागलकाकींच्या सुनेची बोलती बंद करते. मी म्हटलं, कर की. तिनं कमरेला खोचलेल्या फोनवर हात मारून दाखवला.

मग बाहेर आग्रह सुरू झाला. बागलकाकींच्या सुनेनं आपला उखाणा म्हटला, त्यावर हशा झाला. मग सगळ्या स्नेहलच्या मागं लागल्या. तिनं जरा आढेवेढे घेतले, तसे घ्यायचेच असतात, आणि मग म्हणाली की ताजा आहे, अजून मीसुद्धा वाचला नाही, बघून म्हणते चालेल का? चालेल म्हणाल्या. स्नेहलनं घसा साफ केला आणि ठेक्यात सुरू केलं:

आंबेडाळीला फोडणी, पन्ह्याला वेलदोडा,
धैर्यशीलरावांचं नाव घेते, वाट माझी सोडा.

ठेक्यात म्हणणाऱ्या माणसाला मधे थांबता येत नाही. ती शेवटपर्यंत म्हणून गेली आणि मग थांबली.

बाहेर कुणाचा तरी चमचा वाटीवर वाजला. माझ्या हातातलं पातेलं तसंच वाकडं राहिलं आणि पन्हं पेल्याबाहेर ओट्यावर गेलं. खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला. दोन वर्षांनी ते नाव या घरात मोठ्यानं, रावांसकट, बायकांच्या भरल्या सोप्यात घेतलं गेलं होतं. अगदी पाठीतून वीज गेल्यासारखा आनंद. भीती त्यानंतर आली.

"अगं, थोरल्या दिराचं नाव घेतीस का काय?" बागलकाकी म्हणाल्या. कुणी तरी फिस्स करून हसलं आणि गप्प झालं. स्नेहल रडकुंडीला आली होती. माझं नाही हो, पेजवाल्या बाईनं चुकीचं पाठवलं, असं ती सांगत होती. कुठलं पेज, असं कुणी तरी विचारलं.

"गच्चीवरचे उखाणे," स्नेहल म्हणाली, आणि ते म्हणतानाच तिचा आवाज बारीक होत गेला.

मी पडद्याकडं बघत उभी होते. आत्या ताबडतोब आत येतील असं वाटलं होतं, पण त्या आल्या नाहीत. त्यांनी कार्यक्रम पुरा केला. प्रत्येकीची हरभऱ्यांनी ओटी भरली, प्रत्येकीला दारापर्यंत पोचवलं. शेवटची बाई गेली, कडी घातल्याचा आवाज आला आणि मग त्या आत आल्या. मी ओटा पुसत होते.

"तू लिवलंस?"

"हो."

"लोकास्नी दावायला?"

"स्नेहलनं मागितला होता. नाव बदलायचं राहिलं."

त्यांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि स्वतः ओटा पुसायला लागल्या. पुसलेलाच पुन्हा पुसत म्हणाल्या, "वाट सोडा म्हंजी कुणी सोडायची?"

  मग हात पुढं करून त्या म्हणाल्या, "फोन आन."

मी गच्चीवर गेले, पापडाच्या डब्यातून फोन आणला आणि दिला. त्यांनी तो कपाटात ठेवला, जिथं धैर्यशीलचे शर्ट घडी घालून ठेवलेले होते, आणि किल्ली कमरेला लावली. रागाचा एक शब्द नाही. रात्री मला दोन पुरणपोळ्या जास्त वाढल्या.

त्यानंतरचे दिवस मला नीट सांगता येणार नाहीत, कारण त्यांत काही झालं नाही. मी सकाळी वर जायची, वाळवण पसरायची, काठी घेऊन बसायची. ओळी येतच होत्या, त्यांना थांबा म्हणून सांगता येत नाही. पण ठेवायला जागा नव्हती. एकदा मी एक उखाणा कठड्यावरच्या वानराला म्हणून दाखवला. त्यानं ऐकून घेतला आणि सांडगे घेऊन गेला. अक्षय्य तृतीया जवळ येत होती. कोल्हापूरच्या बाईंना वाटत असेल मी उत्तर देत नाही म्हणजे मला नको आहे. नर्सबाईंना वाटत असेल मी विसरले. मी कुणाला काहीच कळवू शकत नव्हते, त्यांतल्या एकीलाही माझा पत्ता माहीत नव्हता.

एका सकाळी आत्या मागं परसात होत्या, स्नेहल अंघोळीला गेली होती. मी पुढच्या दाराशी जाऊन उभी राहिले. कडी आतूनच होती. माझ्या खांद्याच्या उंचीवर. कोल्हापूरची एसटी कुठून सुटते ते मला माहीत होतं, पदराच्या गाठीत भाड्यापुरते पैसेही होते. मी कडीला हात लावला. गार लागली. आणि मी तशीच उभी राहिले, परसात आत्यांनी बादली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत. मग मी हात काढला आणि दारावरची धूळ पुसल्यासारखं केलं. घरात मला कुणी बघत नव्हतं, तरी केलं. त्या दिवशी मला कळलं की मी इथून कधीच जाणार नाही, आणि गच्चीवर जाऊन मी पोटभर रडले.

स्नेहल माझ्याशी बोलत नव्हती. गावात तिची चेष्टा झाली होती, संग्रामभाऊजींनी फोनवरून वर तिलाच सुनावलं होतं. मी जिन्यात दोनदा माफी मागितली, ती बाजूनं निघून गेली. मग एके दिवशी स्वतःच जिन्याच्या वळणावर थांबली. हातात कोथिंबिरीची जुडी होती, ती तिनं या हातातून त्या हातात केली.

"ताई, एक सांगू? आत्या मला रोज दुपारी तुमचं पेज वाचायला लावतात. माझ्या फोनवर, पुढच्या खिडकीत उभं राहून. तिथं रेंज जरा बरी येते."

"काय वाचायला लावतात?"

"सगळंच. पहिल्यापासून. वायरमनचा वाचला, घोरणाऱ्याचा वाचला. बायकांनी खाली लिहिलेलं पण. टिंबं आली की मी टिंबं टिंबं म्हणायची, तर म्हणाल्या, टिंबं काय म्हणतीस, नाव घाल. मी म्हटलं कुणाचं? त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या." तिनं खाली बघितलं. "मग मी घातलं. तेच. ओळ बरोबर बसते हो त्या नावानं. सगळ्याच बसतात."

 स्नेहलला काय काय कळलं होतं ते तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"माझ्यापण डोक्यात कालपासून ओळी यायला लागल्यात," ती जाता जाता म्हणाली. "सकाळी भाजी करपली."

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मी शेवटच्या कुरडया गोळा करत होते. जिन्यात पावलं वाजली, पण ती स्नेहलची नव्हती. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. आत्यांचे गुडघे गेल्याला बरीच वर्षं झाली होती, गच्चीवर त्या कधी येत नसत. मी धावत जाऊन हात दिला. त्यांनी तो घेतला नाही. वर आल्या, पाण्याच्या टाकीला टेकल्या आणि दम खात गच्ची बघत राहिल्या. एवढीच गच्ची, अशा नजरेनं बघत होत्या.

"हितं बसतीस व्हय तू?"

"हो. टाकीच्या सावलीत."

"ऊन लागत न्हाई?"

"लागतं."

त्यांनी पदराखालून फोन काढला. पुसलेला होता. हातातच धरून म्हणाल्या, "कोल्हापूरच्या बाईचा फोन आलता. रोज चार्जिंग करून ठेवती, कपाटात वाजाय लागला म्हून उचलला. उद्यापतुर जागा धरलीय म्हनाली. मी म्हनलं, मला म्हाईतच न्हाई. तर म्हनाली, तुमची लेक हाय का ती?"

मी कुरडयांची पाटी खाली ठेवली. 

"हाय म्हनलं," आत्या म्हणाल्या.

बागलांच्या गच्चीवर कुणी तरी गादी झोडपत होतं. ते थांबलं. मग आत्या जवळ आल्या, फोन माझ्या हातात ठेवला आणि माझ्याकडं न बघता, लांब डोंगराकडं तोंड करून म्हणाल्या, "मी बी एक केलाय. हसू नको."

आणि त्यांनी पाठ केलेल्या मुलीसारखा, एकेक शब्द सुटा सुटा म्हटला:

"गच्चीवर घातलं वाळवण, राखणीला बसवली सून,
धैर्यशीलचं नाव घेते, कडी काढते आतून."

नावावर त्यांचा आवाज फाटला, पण त्या थांबल्या नाहीत. म्हणून झाल्यावर पदरानं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं. मी त्यांच्या गळ्यात पडले नाही. आमच्यात तसं करत नाहीत. मी नुसती उभी राहिले आणि माझ्या हातातली कुरडई कधी चुरली ते मला कळलं नाही.

"जमलाय का?" त्यांनी विचारलं.

"जमलाय, आत्या."

"मग टाक त्यात. सगळ्याजनी टाकत्यात तसा."

मी फोन उघडला. तडकलेल्या काचेवर दोनदा चुकलं. आत्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या, चष्म्याशिवाय त्यांना काय दिसत होतं कुणास ठाऊक. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. आणि मग सवयीनं माझं बोट मागं गेलं, नावापाशी, पुसायला.

आत्यांनी माझं मनगट धरलं.

"नाव ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.